चाकातला प्राण

चढाच्या पायथ्याशी शे-दीडशे माणसं जमली होती. ट्रकची मागची चाकं चिखलात गरगर फिरत होती, पण ट्रक तसूभर हलत नव्हता. तेवढ्यात गावातले चमत्कारी बाबा आले. त्यांनी पुढच्या एका चाकाशी बसकण मारली, चाकावर शाल पांघरली, खाली हात घालून काहीतरी पुटपुटले. मग दुसऱ्या चाकाशी तेच.

"चाकात प्राण भरला. आता छोटा दांडा ओढ, बाळा."

माझ्या धाकट्या भावाने केबिनमधला दांडा ओढला आणि ट्रक मुकाट्याने चढून गेला. लोकांनी हात जोडले. वर पोचल्यावर बाबांनी पुन्हा शाल काढली.

"शक्ती परत घेतो. कोरड्या सपाटीवर ती गाडीला सोसत नाही."

लबाडाच्या तोंडून एवढं एक वाक्य अर्धं खरं निघालं, आणि मी पडलो गॅरेजवाला. पुढच्या चाकांनाही जोर देऊन कोरड्या सपाटीवर चालवली तर गाडी खरंच झिजते, हे मला माहीत होतं.

चार दिवसांपूर्वी याच चढावर आमची आई गेली. तिच्या छातीत कळ आली, भावाने तिला केबिनमध्ये बसवलं आणि चढापलीकडच्या दवाखान्याकडे निघाला. ट्रक रुतला. त्याने दांडा ओढला, स्टिअरिंगसमोरचा छोटा दिवाही लागला, तरी पुढची चाकं ढिम्म. मग त्याने बाबांकडे माणूस धाडला. बाबा ध्यानाला बसले होते. ध्यान दीड तास चाललं. ते आले, ट्रक चढला, पण तोवर आई राहिली नव्हती.

आज बाबांनी शाल काढताच मी भावाला म्हणालो, "ट्रक परत खाली घे."

"दादा, रुतेल."

"रुतू दे."

रुतलाच. मी पुढच्या चाकाशी वाकलो आणि मधोमध बोटांनी चिखल पुसला. तळहाताएवढी चकती निघाली. तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' असे दोन शब्द, आणि खूण 'फ्री'वर. गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या एका आजींना मी म्हटलं, "या आजी, तुम्ही फिरवा."

"मला कुठलं जमतंय, लेकरा?"

"जमेल."

त्यांनी चकती फिरवली. कट्ट आवाज झाला. पलीकडची मी फिरवली. भावाने दांडा ओढला आणि ट्रक चढून गेला.

"दांडा ओढला की इंजिनाचं बळ पुढच्या आसापर्यंत येतं," मी लोकांना सांगितलं. "दिवा तेवढंच सांगतो. पण चकती मोकळी असेल तर आस नुसता आतल्या आत फिरतो, चाकाला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही चकत्या लॉक केल्या की आस आणि चाक जोडलं जातं. शालीखाली एवढंच चाललं होतं."

"आजींच्या हाताने माझीच कृपा झाली," बाबा म्हणाले. कोणी हसलं नाही. बाबांनी शाल झटकली आणि चालते झाले. दोघं-तिघं तरीही त्यांच्या मागे गेले.

भाऊ खाली उतरला. हा जुना ट्रक त्याने दोन महिन्यांपूर्वीच घेतला होता. आधी चालवले ते सगळे साधे, त्यांना अशी चकतीच नव्हती. तो चाकाशी बसून ती फिरवत राहिला, फ्री, लॉक, पुन्हा फ्री.

"दादा, एवढंच होतं?"

"एवढंच."

"आई म्हणत होती, काहीतरी कर रे. मी तिला सांगत होतो, बाबा येतायत."

मला रडू आवरलं नाही. कारण महिन्याभरापूर्वी त्याने फोनवर सांगितलं होतं की बाबांनी चाकांना हात लावून ट्रक उठवला. ऐकताक्षणी चकतीचा खेळ माझ्या लक्षात आला होता. मी पोट धरून हसलो, त्याला खुळा म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

बाबाने फसवलं, ते त्याचं पाप. पण तुम्हा शहाण्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे. चमत्कार ऐकलात तर मान तुकवू नका, आणि नुसते हसूही नका. जवळ जा, हात घालून बघा, कळलं असेल ते समोरच्याला नीट समजावून सांगा. मला ठाऊक होतं आणि मी माझ्या भावाला सांगितलं नाही.