भीमाचार्यांची तरंगती तोफ

"लोखंड! चोख लोखंड!" गुडघाभर पाण्यात उभे राहून भीमाचार्यांनी तोफेच्या तोंडावर हातोडी हाणली. टण्ण असा आवाज घुमला आणि तळ्याकाठचे शेकडो हात जोडले गेले. "दोनशे वर्षांची ही तोफमाता पाण्यात आहे. बुडाली? नाही! आता तुमची दुखणी बुडवील!"

तोफ बुडत नाही, पण दुखणी बुडतात, हे गणित कुणालाच खटकलं नाही. होसकोट्याजवळच्या त्या तळ्यात काळीभोर तोफ खरोखरच बदकासारखी डुलत होती.

गर्दीत दत्ता सुतार मान खाली घालून उभा होता. ती तोफ त्यानेच यशवंतपूरच्या आपल्या कारखान्यात सिल्व्हर ओकच्या ओंडक्यातून घडवली होती, शिक्षिका कस्तुरीबाईंच्या शाळेतल्या इतिहासाच्या प्रदर्शनासाठी. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत तोफा कमी पडल्या की सैन्यं ओंडके काळे रंगवून गाड्यांवर चढवायची. शत्रू लांबून दुर्बिणीने ते मोजायचा आणि धसका घ्यायचा. "मुलंही फसली पाहिजेत," असं बाई म्हणाल्या, म्हणून दत्ताने नुसत्या तोंडाशी लोखंडी कडं बसवलं. प्रदर्शन संपलं, तोफ भंगारात गेली आणि तिथून भीमाचार्यांच्या हाती लागली.

महिन्यापूर्वी दत्ताने ती इथे पाहिली, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याने रंगवलेल्या गंजाला लोक कपाळ टेकत होते. कारागिराची छाती फुगली आणि तो गप्प बसला.

मग शेजारच्या ठकुबाईने तळ्याचं पाणी नेलं आणि फिटच्या गोळ्या बंद केल्या. दत्ताला ते कळलं ती पेटत्या शेगडीवर कोसळली तेव्हा. आज हाताला पट्टी बांधून ती पुन्हा रांगेत आली होती.

"अक्का, गोळी घेतलीस?"

"कशाला रे? स्वामी म्हणाले, माझीच श्रद्धा स्वल्प कमी पडली."

दत्ताला स्वतःची शिसारी आली. पिशवीतलं गिरमिट काढून तो पाण्यात उतरला.

"स्वामी, तोंडावर नको. जरा पोटावर ठोका."

"मातेच्या पोटावर? पापी!"

"पापी तर आहेच मी." त्याने तोफ गुडघ्यांत धरली आणि गिरमिट फिरवलं. काळ्या रंगाखालून फिकट भुसा भसाभसा बाहेर आला. टाळ, घोष, सगळं थांबलं.

"हे लाकूड आहे. मीच घडवलंय," दत्ता ओरडला. "लाकूड तरंगतं, त्यात चमत्कार कसला? तोंडाशी तेवढं कडं लोखंडी आहे, म्हणून हे तिथेच ठोकतात. कुणीही चमत्कार दाखवला तर त्याला सांगा, दुसरीकडे ठोकून दाखव. आणि डॉक्टरची गोळी असल्या पाण्यासाठी सोडू नका!"

भीमाचार्य "कलियुग, कलियुग" पुटपुटत गाडीकडे सटकले.

ठकुबाई काठाशी आली. तिने भुसा चांगल्या हाताच्या बोटांत चोळून पाहिला.

"तुला महिनाभर ठाऊक होतं?"

"होतं, अक्का."

तिने बोटांतला भुसा पाण्यात झटकला.

"चल, डॉक्टरकडे ने मला," ती म्हणाली. "पण दत्ता, मला एकट्या स्वामीने नाही फसवलं."