डावीकडची खालची दाढ

"आणखी उघडा," ती म्हणाली आणि अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ बाजूला सारून तिनं दिवा जरा जवळ ओढला.

तोंड बरं होतं. तुरुंगातल्या तोंडांच्या मानानं तर फारच बरं. हिरड्या घट्ट, दात सरळ, तंबाखूचा डाग नाही. फक्त डावीकडची खालची दाढ किडली होती आणि कीड आतल्या नसेपर्यंत पोचली होती. तिनं आरशाच्या दांडीनं दाढेवर हलकेच टकटक केलं, तसा खुर्चीतला माणूस पायाच्या बोटांपर्यंत आखडला.

"किती दिवस दुखतेय?"

समोरच्याचं तोंड उघडं असतानाच त्याला प्रश्न विचारायची दातांच्या डॉक्टरांना खोडच असते. त्यानं घशातून एक आवाज काढला. इतक्या वर्षांच्या सरावानं तिला ही भाषा येत होती. बरेच दिवस, असा त्याचा अर्थ होता.

दाढ राहण्यासारखी होती. आतून साफ करायची, भरायची, वर कॅप बसवायची, की माणूस जन्मभर त्या दाढेनं काय हवं ते चावायला मोकळा. तुरुंगाच्या दवाखान्यात ती दर गुरुवारी यायची, तेव्हा तीन गुरुवार धरावे लागणार होते. तिनं बारीक सुयांचा डबा उघडला आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला सांगितलं, "यांना पुढचे दोन गुरुवारही आणावं लागेल."

शिपायानं तिला मानेनंच खिडकीशी बोलावलं.

"मॅडम, हा फाशीचा आहे," तो हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे खोलीभर ऐकू जाईल इतक्या. "दोन जीव घेतलेत यानं. वरपर्यंत सगळं संपलं, आता नुसता दयेचा अर्ज गेलाय. त्याचं उत्तर उद्याही येईल. याला तीन-तीन गुरुवार कशाला? उपटा आणि मोकळ्या व्हा."

त्याला तिथंच झापायला हवं होतं. पेशंटचं काय करायचं ते मी ठरवते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्याकडे तयारच असायचं. आपल्या दवाखान्यात ती ते दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या नवऱ्याला ऐकवायची. पण ती काही न बोलता खुर्चीपाशी परत आली. सुयांचा डबा तिनं मिटला आणि पक्कड काढली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाहेर बाकावर आणखी माणसं बसली होती हे खरं, पण त्या क्षणी तिच्या मनात तीही नव्हती. मनात एवढंच आलं होतं, की कशाला.

"काढावी लागेल," ती म्हणाली.

तो छताकडे बघत होता. "औषधानं नाही का राहणार?"

"नाही."

"तुम्ही म्हणाल तसं."

दाढ बधिर झाली, पण निघेना. मुळं चांगली दणकट होती. तिला उभं राहून, कोपर अंगाशी दाबून जोर लावावा लागला. गेलेला दात असा धरून बसत नाही, हे तिच्या हाताला कळत होतं आणि हात तरीही थांबत नव्हता. शेवटी दाढ तिच्या पकडीत आली तेव्हा तिनं ती नीट पाहिलीसुद्धा नाही. ताटलीत टाकली आणि वर कापूस टाकला.

कापसाचा बोळा दाबून धरलेल्या तोंडानं त्यानं विचारलं, "दुसरी बसवतात ना?"

"हो. जखम भरली की. तीनेक महिन्यांनी."

हे ती सगळ्यांनाच सांगायची, म्हणून तोंडातून गेलं. शिपाई खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला. खुर्चीतल्या माणसानं मात्र मान हलवली. तीन महिने चालतील, असं जणू त्यानं पंचांग बघून ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात वाद होता. विषय फाशीची शिक्षा. बाजूनं बोलणार होते तिचे सासरे, आणि विरोधात ती. सासऱ्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना हेडमास्तरच म्हणायचं. घरचं भांडण बाहेर फुकटात बघायला मिळतंय म्हटल्यावर सभागृहाला पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता आणि दोघांच्याही वाक्यांना सारख्याच टाळ्या वाजवत होता. संसार असाच टिकतो.

हेडमास्तर आधी बोलले.

"मी आयुष्यभर टेबलावर छडी ठेवली," ते म्हणाले. "कुणा पोराच्या अंगाला लावली असेल तर सांगा, माझे विद्यार्थी इथं बसलेत. ती नुसती तिथं असायची. टेबलावर होती म्हणूनच हातात घ्यावी लागली नाही. यालाच धाक म्हणतात."

हशा पिकला. ती उठली. तिचा अभ्यास पक्का होता आणि जीभ तर मुळातच तयार.

"बाबांची छडी मीही पाहिलीय," ती म्हणाली. "आणि त्यांच्या शाळेतली बाकंही पाहिलीत. एकाही बाकाचा इंचभर कोपरा कोरल्याशिवाय राहिलेला नाही. कोरणारा पोरगा छडीचा विचार करत नव्हता, बाबा. आपण सापडणारच नाही, असा त्याचा विचार चालला होता. डोक्यात राग चढलेला माणूसही तेवढाच विचार करतो, किंवा तेवढाही करत नाही."

मग तिनं खर्चाचा मुद्दा घेतला. फाशी म्हणजे एक दोर आणि एक सकाळ, असं लोकांना वाटतं. त्याआधीची वर्षानुवर्षांची कोर्टं, वकील, वेगळी कोठडी, वेगळा पहारा कुणी धरत नाही. माणसाला जन्मभर पोसणं स्वस्त पडेल, मारणंच महाग.

"हा हिशेब मेलेल्याच्या घरी जाऊन सांगशील?" हेडमास्तरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "त्या घरी हिशेब सांगायचाच नसतो. पण कायदा त्या घरात बसून लिहू नये."

टाळ्या पडल्या. हेडमास्तर मात्र मुरलेले होते. ते सावकाश उठले.

"या शिकलेल्या लोकांचे दाखवायचे दात वेगळे असतात आणि खायचे वेगळे," ते सभागृहाकडे बघत म्हणाले. "मी साधा माणूस, मला साधा प्रश्न पडतो. आमच्या सूनबाई आज सकाळीच तुरुंगात दात बघून आल्या. उद्या ज्याला फासावर जायचंय, असा एखादा तिथं असेल. त्याचा दात तुम्ही आज दुरुस्त करता का? खरं सांगा."

सभागृह हसलं. तिच्या उजव्या हाताच्या पंजात पकडीचा ताण अजून ठणकत होता. नाही, असं म्हणता आलं असतं. आज सकाळीच नाही केला, असं सरळ सांगता आलं असतं. तिनं पाण्याचा पेला उचलला, तो न पिताच खाली ठेवला आणि ती म्हणाली,

"करते. खुर्चीत बसला की तो फाशीचा कैदी नसतो. तो पेशंट असतो."

लोक उभे राहिले. तिसऱ्या रांगेतला नवरासुद्धा या वेळी एकाच बाजूनं उभा राहिला. टाळ्या थांबेपर्यंत ती खाली टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. लोकांना तो विनय वाटला.

घरी परतताना हेडमास्तर काठी टेकत तिच्या शेजारून चालत होते. हरले की ते फुरंगटून बसायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती त्यांच्या चालीनं सावकाश पावलं टाकत होती.

"तुझा खर्चाचा मुद्दा काही मला पटला नाही," ते शेवटी म्हणाले. "आकडे काय, हवे तसे वळवता येतात. बाकांचं म्हणालीस ते जरा लागलं. पण ते शेवटचं वाक्य..." ते थांबले. "मी तिथं असतो तर उपटून टाक म्हणालो असतो, पोरी. कशाला एवढा खटाटोप, म्हणालो असतो. आणि माझ्यासारखा माणूस तसं म्हणतो, म्हणजे त्या कैद्याला आधी आम्हीच मारून टाकलेलं असतं, नाही का? म्हातारपणी शिकवलंस मला."

"बाबा, जपून. पायरी आहे," ती म्हणाली.

जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. त्या रस्त्यावर तिला दोन्हींची वाटली, आणि सांगायला तोंड उघडेना. ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती, त्यानं आज तिच्यापुढे तुकवली होती, आणि तीही एका थापेपुढे. जेवताना त्यांनी आग्रह करून तिचंच ताट आधी वाढायला लावलं.

पुढच्या गुरुवारी तिनं त्या कैद्याची जखम बघितली. चांगली भरत होती. तेवढंच सांगून तिनं त्याला पाठवून दिलं. खरं सांगायचं तिनं येतानाच ठरवलं होतं, पण शिपाई जवळ होता, बाहेर रांग होती, आणि कारणं हवी असली की ती कधी कमी पडत नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी तिच्या दवाखान्यात एक बाई आली. साठीची असेल. हातात पिशवी, पायात झिजलेल्या चपला. त्या तिनं दाराबाहेरच काढून ठेवल्या होत्या. पेशंट कुणी नव्हते.

"दात दाखवायला नाही आले," ती दारातूनच म्हणाली. "तुरुंगात तुम्ही ज्याची दाढ काढलीत, त्याची मी आई."

डॉक्टरीण उठून उभी राहिली. "या ना मावशी. बसा."

बाई खुर्चीच्या कडेला टेकली. "भेटीला गेले होते. म्हणाला, आता दुखत नाही. रात्रीची झोप लागते. डॉक्टरीणबाई माझ्याशी अहो-जाहो करून बोलल्या म्हणाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यानं केलं ते फार वाईट केलं. त्या घरच्यांपुढे मी उभी राहू शकत नाही. बाजारात दिसले तर मी दुसऱ्या गल्लीनं जाते. पण आई आहे ना मी, काय करू?"

"हो," डॉक्टरीण म्हणाली.

"तीन महिन्यांनी दुसरी दाढ बसवू, असं तुम्ही त्याला म्हणालात?"

"म्हणाले."

बाईनं पिशवी खाली ठेवली आणि ती पुढे सरकली. "मी वकीलसाहेबांना तेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण मला सांगा, ज्याला मारायचं त्याच्या तोंडात कुणी नवीन दात बसवतं का? तुम्ही आत जाता-येता. साहेब लोकांत बसता. तुमच्या कानावर काही असल्याशिवाय तुम्ही असं बोलायच्या नाहीत."

"मला आतलं काही माहीत नाही, मावशी. खरंच नाही."

"सांगता येत नसेल तर नका सांगू." बाईनं समजुतीनं मान हलवली. "मी कुणाजवळ बोलणार नाही."

ती दाढ काढायला नको होती, हे वाक्य डॉक्टरणीच्या ओठांवर आलं होतं. हेडमास्तरांना सांगायचं राहिलं, त्याला सांगायचं राहिलं, आता निदान हिला तरी सांगून टाकावं. पण ते सांगायचं तर का काढली, तेही सांगावं लागलं असतं. समोरची बाई तिच्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे तिथं आपल्याच एका लबाडीनं आणून ठेवलंय, हे डॉक्टरणीला स्पष्ट दिसत होतं. तिनं वाक्य गिळलं. खरं बोलायचं दारही तिनं स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं.

"बसवलेला दात किती वर्षं टिकतो हो?" बाईनं विचारलं.

"नीट निगा राखली तर..." ती अडखळली. "दहा-बारा. पंधराही."

"पंधरा." बाईनं बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "म्हणजे तोवर पन्नाशीला येईल की तो. आणि मग?"

"मग नवीन बसवायचा."

"नवीन!" बाई म्हणाली, आणि हसली. अगदी मोकळं हसली. बऱ्याच दिवसांत हसली नसावी, कारण तोंडावर हात न्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. खालच्या बाजूला चारदोन दात उरले होते, तेही हलणारे. बाकी हिरड्या सुजून लाल झालेल्या.

डॉक्टरणीनं सवयीनं दिव्याकडे हात केला. "मावशी, तुमचेच दात बघू द्या आधी. उरलेले वाचवता येतील अजून. पैशांचं राहू दे."

"माझे कशाला?" बाई पिशवी उचलून उठली. "माझं आता राहिलंय किती? त्याचं बघा तुम्ही."

या बोलण्यावर डॉक्टरणीकडे एक ठरलेलं उत्तर होतं. म्हातारी माणसं खुर्चीत बसून नेहमी असंच म्हणायची, आणि ती त्यांना लटक्या रागानं दटावायची, की दात ठेवायचा की काढायचा हे माणसाचं किती राहिलंय ते बघून आम्ही ठरवत नाही. बाई दाराशी पोचली, चपला पायात सरकवू लागली, एकदा मागे वळून तिनं हात जोडले. डॉक्टरीण दिव्याची दांडी धरून उभी होती. ते उत्तर तिनं दोनदा मनात जुळवलं, आणि दोन्ही वेळा ते तिच्या तोंडून निघालं नाही.