माझ्या पोटातला मेंदू आणि सर्जाची बारी

युरियाची बिले.

भिर्रर्र! झाली, झाली, झाली!

कवटीशिवायचा मेंदू, करडा.

कांद्याचे बी, वेगवेगळ्या डब्यांत.

अशी फाइल नाही.

बी तेवढे माळ्यावर आहे. बाकी सगळे माझ्या पोटातले, मित्रांनो. मी पिंपरी पेंढारचा जुना संगणक. उमेदीची वर्षे मी पोपटलाल शेठच्या खताच्या दुकानात काढली. "हा कधी चुकत नाही," शेठ गिऱ्हाइकांना सांगत. ते खरेच होते. पुढे नवा संगणक आला, मी पोत्यांमागे गेलो. तिथून सुदर्शनभाऊंनी मला आपल्या मुलीसाठी घरी आणले.

मुलगी समृद्धी, अवसरीच्या कॉलेजात शिकते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तिच्यासाठी परीक्षा ठेवली होती. एका अनोळखी माणसाच्या डोक्याच्या एमआरआयची फाइल घ्यायची, त्या चित्रातली कवटी सोलून मेंदू वेगळा करायचा, मग तो मोजायचा. संध्याकाळपर्यंत उत्तर गेले, तरच तिथे काम शिकायला मिळणार.

तिने काळ्या खिडकीत सोलण्याची आणि मोजण्याची अशा दोन्ही आज्ञा एकापाठोपाठ लिहिल्या. मी कामाला लागलो. शेवटी कळवले: अशी फाइल नाही.

तिने नाव तपासले. पुन्हा चालवले. पुन्हा तेच.

"शनिवारी भंगारवाला येतोय," सुदर्शनभाऊ दारातून म्हणाले. "त्याच्या काट्यावर तरी चालंल हा."

"पप्पा, तुमी जावा बरं!"

मी घाबरलो नाही. मेंदूची फाइल खरेच नव्हती. का नव्हती, तेही मी सांगितले होते, पण बरेच वर, आधीच्या ओळींत. तिने खिडकी वर सरकवली तेव्हा ते दिसले: लिहायला जागा शिल्लक नाही. कवटी सोलून झाली होती. मेंदू ठेवायलाच जागा नव्हती.

जागा कशाने भरली? गावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीतल्या एकाच धावेने, म्हणजे एका बारीने. प्रत्येक फोल्डरमध्ये तीच चित्रफीत, निवेदकाचे तेच 'भिर्रर्र! झाली, झाली!'

"आबा!"

तिचे आजोबा भगवंतआबा ओसरीवरून आले. "मीच ठिवली. माझ्या सर्जाची बारी हाय ती. बी एका डब्यात ठेवतं का कुनी? एकाला कीड लागली तर दुसरं ऱ्हातं."

"आबा, पण हा सगळा मिळून एकच डबा आहे. हा बंद पडला की सर्जा गेला."

हे मला जरा लागले. पण खरे होते.

आबा म्हणाले, "मंग बैल ठेवू कुठं?"

"एक इथं, एक माझ्या फोनात, एक पप्पांच्या."

"तुज्या बापाच्या नको. त्यो फोन लई पाडतो."

"मग आजीच्या."

"पूस," आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन्ही फोनांत एकेक प्रत उतरवून ती बाकीच्या पुसत गेली, मी हलका होत गेलो. आज्ञा पुन्हा आली आणि पडद्यावर मेंदू उमटला.

"आरं, ह्यो तर फ्लावरचा गड्डा!" आबा हसले.

उजेड असतानाच उत्तर गेले. दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा निरोप आला: सोमवारपासून ये. शनिवारी सुदर्शनभाऊंनी भंगारवाल्याला विहिरीवरची जळकी मोटर दिली.

मित्रांनो, यंत्र अडले तर त्याला थापट्या मारू नका. शेवटची ओळ नुसती रडते. कुठे दुखते, ते पहिली ओळ सांगते. ती वाचा. आमच्या पोटात थोडी जागा मोकळी ठेवा. आणि जिवापाड जपायचे ते खरोखर वेगळ्या डब्यांत ठेवा.

त्या यात्रेनंतरच्या पावसाळ्यात सर्जा गेला, तेव्हा मी अजून दुकानात युरियाची बिले काढत होतो.