मोटार जळली नव्हती

शेजारणीच्या घरात नवी वस्तू आली, की आपल्या घरातल्या धडधाकट वस्तूही एका दिवसात जुन्या दिसू लागतात. हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? सातासमुद्रापलीकडच्या इताउगुआ गावातल्या ओब्दुलियाला तो निमियाच्या कॉम्प्युटरने दिला.

इस्त्री, रेडिओ, पंखा, काहीही बिघडलं की सगळी गल्ली ओब्दुलियाच्या दाराशी यायची. ही विद्या तिला एलादिओ मास्तरांनी शिकवली होती. "पोरीच्या जातीला कसला आलाय स्क्रूड्रायव्हर!" असं म्हणून लोक तेव्हा हसले होते, पण मास्तरांनी कानाडोळा केला होता. रविवारी चर्चमधून परतलं, की बायका लेस विणायला तिच्याच आंब्याखाली जमत. तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या गार चहाचा, पेला हातोहात फिरे, आणि मधोमध राणीसारखी ओब्दुलिया!

मग निमियाची मुलगी सुनिल्दा स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आणि तिने आईला कॉम्प्युटर घेऊन दिला. दर दोन महिन्यांनी तिकडून डिस्क येई. त्यात सुनिल्दाचं घर, तिकडचा बर्फ, तिचं पोटुशी रूप, मग तान्हं बाळ. बायकांनी लेसच्या चौकटी उचलल्या आणि निमियाच्या ओसरीत मांडल्या. आंब्याखाली रिकाम्या खुर्च्या राहिल्या.

ओब्दुलियाचाही मुलगा परदेशी होता. विल्फ्रिदो ब्यूनोस आयर्सला बांधकामावर होता. ईस्टरपासून त्याचा फोन नव्हता. कुणी विचारलं तर ती म्हणे, "तिकडे लाइनच लागत नाही गं!" आणि पलीकडून निमियाच्या घरातला हशा ऐकू आला, की ती खिडकी लावून घ्यायची. हिला सगळं मिळतं. आपण हिच्याहून हुशार, आणि आपल्या पदरी काय?

एका रविवारी निमिया धापा टाकत आली. "ओब्दुलिया, चल गं लवकर! नवी डिस्क आत घातली आणि ती चालेनाच. आता ट्रेसुद्धा बाहेर येत नाही. नुसतं कुर्र कुर्र करतंय!"

ओब्दुलिया गेली. ओसरीत बायका वाट बघत होत्या. तिने कॅबिनेट उघडलं, डिस्क फिरवणाऱ्या ड्राइव्हला कान लावला, बटण दाबलं. आतली मोटार फिरत होती, पण ट्रे ओढला जात नव्हता. तिने ओळखलंच. उन्हाळ्याने आतला रबरी पट्टा सैल पडला होता. दहा मिनिटांचं काम!

"काय आहे गं त्या डिस्कमध्ये?" तिने सहज विचारलं.

"बाळ चालायला लागलंय!" निमियाचा चेहरा फुलला. "पहिली पावलं! अजून पाहिलीही नाहीत मी." मग तिने ओब्दुलियाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा विल्फ्रिदोही धाडेल हं एक दिवस."

निमिया मायेनेच बोलली होती. पण ओब्दुलियाला ते डागणी दिल्यासारखं लागलं. सगळ्या बायकांसमोर!

"मोटार जळली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे संपलं. या जातीचा ड्राइव्ह आता मिळायचा नाही. टाकून दे."

"आणि आतली डिस्क?"

"चिरडली असणार. तिचं आता नाव काढू नकोस."

निमियाने ड्राइव्हकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार." ओब्दुलियाने ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला आणि ती घरी आली. येताना तिची पावलं हलकी पडत होती. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता.

पुढच्या रविवारी बायका पुन्हा आंब्याखाली आल्या. निमियाही आली, गरम चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पावांची, टोपली आणि कागदात गुंडाळलेला तो ड्राइव्ह घेऊन.

"घे, सुट्या भागांसाठी तुझ्या उपयोगी पडेल. माझ्याकडे पडून काय करायचंय?"

"सुनिल्दाला कळवलंस का?" कुणीतरी विचारलं.

निमिया खाली मान घालून विणत राहिली. "तिला काय सांगू, डिस्क मोडली म्हणून? दोन-दोन पाळ्या करून थकते पोर. मी म्हटलं, पाहिलं गं, किती छान चालतो! तर ती म्हणाली, 'आई, आणि शेवटी त्याने काय केलं ते पाहिलंस ना?' आता काय सांगणार? मी आपली हसले. तीही हसली."

ओब्दुलियाच्या हातातला चिपाचा तुकडा हातातच राहिला. खोटं तीही बोलली होती, खोटं निमियाही बोलली होती. पण दोन्हींत केवढं अंतर!

सोमवारी सकाळी एलादिओ मास्तर नेहमीसारखे येऊन टेबलाशी बसले. डोळ्यांनी त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं, पण बोटं तशीच तल्लख होती. समोरचा ड्राइव्ह त्यांनी चाचपला, वायर जोडायला लावली आणि बटण दाबलं.

"पट्टा सैल आहे. कुणाचा हा?"

"निमियाचा."

"दुरुस्त का नाही केलास?"

"मी... मी तिला मोटार जळली म्हणून सांगितलं."

मास्तरांनी ड्राइव्ह खाली ठेवला.

"मोटार नाही जळली, पोरी. जळलंय ते दुसरंच काहीतरी!"

ओब्दुलिया उसळली. "जळणार नाही तर काय? तिची लेक दर दोन महिन्यांनी डिस्क धाडते, आणि माझा मुलगा जिवंत आहे की नाही हेही मला कळत नाही! मीच का नेहमी दुसऱ्यांची सुखं दुरुस्त करत बसायचं?"

"वाटू दे हेवा. मला काय वाटत नव्हता? माझ्यापेक्षा तुझा हात चांगला बसला तेव्हा मीही आतून चरफडलो. चार गोष्टी हातच्या राखून ठेवाव्यात असं मनात आलं होतं."

"मग ठेवल्या का नाहीत?"

"ठेवल्या असत्या तर तू अडाणी राहिली असतीस, आणि मी थोडाच मोठा झालो असतो? बिघाड काय ते आपल्याला कळतं, लोकांना कळत नाही. ते आपल्या शब्दावर विसंबतात. तो विश्वास मोडलास तर तो कुठल्या दुकानात मिळणार आहे?"

ओब्दुलियाने ड्राइव्ह उचलला आणि तशीच निमियाकडे गेली. ओसरीत दोघी-तिघी विणत बसल्या होत्या. तिला वाटलं, नंतर येऊ. पण पाय वळले नाहीत.

"निमिया, मोटार जळली नव्हती. मी खोटं बोलले. तुझं सुख मला बघवलं नाही."

कुणाची सुई हलेना. निमियाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "डिस्क?" एवढंच तिने विचारलं.

ओब्दुलियाने एक बारीक तार सरळ केली आणि ट्रेखालच्या छिद्रात रेटली. ट्रे खटकन पुढे आला. डिस्कवर एक ओरखडा नव्हता! तिने तो इवलासा पट्टा काढला, आकसावा म्हणून वाटीभर उकळत्या पाण्यात टाकला, पुसून पुन्हा बसवला आणि ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडला. "थोडे महिने चालेल. तोवर मी नवा आणते," ती पुटपुटली.

पडद्यावर बाळ उभं राहिलं. एक पाऊल, दोन, तीन, आणि बुडावर धप्पकन बसलं. मग कॅमेऱ्याकडे बघून त्याने टाळ्या पिटल्या, जणू पडणं हाच मोठा पराक्रम! निमिया रडत होती आणि हसत होती. तिने लगेच सुनिल्दाला फोन लावला, सगळं सांगितलं आणि रिसीव्हर ओब्दुलियापुढे धरला.

"बोल. तूच सांग तिला."

ओब्दुलियाने सांगितलं. 

"मावशी," पलीकडून सुनिल्दा म्हणाली, "मला राग आलाय. पण विल्फ्रिदोचा काही पत्ता?"

"लाइनच लागत..." ओब्दुलिया थांबली. "माहीत नाही गं. ईस्टरपासून त्याचा फोन नाही. फार भीती वाटते मला."

सगळ्या बायकांनी ते ऐकलं. कुणी हसलं नाही. निमिया बाकावर जराशी सरकली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बस. मी अजून रागावलेय, पण उभी राहू नकोस. आणि तो पट्टा कसा काढलास ते दाखव. पुढच्या वेळी तुझी मनधरणी करायची नाही मला!"

ओब्दुलियाने निमियाला दाखवलं, मग सगळ्यांना. पुढच्या रविवारी तिच्या आंब्याखाली कुणी आलं नाही, कारण ती स्वतःच निमियाच्या ओसरीत होती.

बंधू-भगिनींनो, हेवा कुणाच्या मनात येत नाही? तो न बोलावता येतो. पण तो आला म्हणून आपली विद्या त्याच्या हाती देऊ नये. दुसऱ्याच्या घरातला दिवा विझवून आपल्या घरात उजेड पडत नाही. आपला अंधार मोकळेपणाने सांगितला, तर शेजारीण सरकून जागा देते!