माथा : मध्यम, दोन तास

मी खांब बोलतोय. बागांची वाट संपून रानाची वाट जिथे सुरू होते, त्या फाट्यावर दोन हात पसरून उभा असलेला लाकडी खांब. माझा डावा हात ओढ्याकडे दाखवतो, उजवा टेकडीच्या माथ्याकडे. दोन्ही हातांवर सगळं ठळक कोरलेलं आहे. तरी माणसं माझ्याखाली उभी राहून एकमेकांना विचारतात, "आता कुठे जायचं?" मला ओरडता येत नाही, हे त्यांचं नशीब.

जन्माने मी नासपतीचं झाड. सगळी दरी जिला काकू म्हणते, तिच्या बागेच्या कुंपणाला लागून मी चाळीस वर्षं काढली. फळं गोड यायची. हे मी स्वतःच सांगू नये, पण दुसरं कोण सांगणार? पुढे पुढे वर्षाला सात-आठ फळं लागायची, तीही वाकडीतिकडी. एक दिवस काकूने सुताराला बोलावलं. त्याने माझ्या बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "सरपण छान होईल."

काकूने माझ्या बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तोड, पण त्याला उभंच ठेव कुठेतरी. इतकी वर्षं उभं बघितलंय. आडवं पडलेलं मला बघवायचं नाही."

योगायोग असा, की त्याच सुमारास गावाने ठरवलं होतं, पाहुण्यांसाठी टेकडीवरच्या वाटा नीट करायच्या. समिती झाली. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी तिचे चिटणीस झाले. सुताराने मला तासलं, दोन हात बसवले आणि फाट्यावर पुरलं. आता हातांवर काय कोरायचं, एवढाच प्रश्न उरला.

पर्यटन कार्यालयातून आलेल्या कागदात लिहिलं होतं : प्रत्येक वाट सोपी, मध्यम की कठीण ते सांगावं आणि मध्यम चालीच्या माणसाला लागणारा वेळ लिहावा. झालं! मध्यम माणूस कोण, यावर समितीने माझ्या पायाशी बसून अख्खी सकाळ घालवली. पोस्टमन नको, तो तुम्ही बुटाची नाडी बांधेपर्यंत वर जाऊन खाली येतो. सुताराचे वडील नकोत, ते पहिल्याच दगडावर बसतात आणि तिथूनच सगळ्यांना रस्ता सांगतात.

शेवटी गुरुजींनी काकूकडे बघितलं. "आमच्या काकू बघा. फार तरुण नाहीत, फार वयस्कर नाहीत. फार बारीक नाहीत, फार..." पुढचं त्यांनी गिळलं.

काकूला हा मोठा मान वाटला. दुसऱ्या दिवशी ती नवे बूट घालून, हातात टोपली घेऊन हजर झाली. मागे घड्याळ आणि वही घेऊन गुरुजी. दुपारी दोघं परत आले आणि गुरुजींनी वही मोठ्याने वाचून दाखवली.

"आठ दहा, निघालो. आठ चौदा, थांबलो. शेजाऱ्यांच्या सफरचंदावर माव्याची कीड पडलीय. आठ एकतीस, शेजाऱ्यांना मावा दाखवून झाला, शेजारी नाराज. आठ चाळीस, अळिंबी. नऊ वाजता पुन्हा अळिंबी, पण ही विषारी. कशी ओळखायची ते काकूंनी समजावलं, दोनदा. नऊ पंचवीस, पाखराचं घरटं, कुजबुजत बोललो. दहा दहा, माथा."

सुतार हसून हसून बेजार. "गुरुजी, दोन तास? हे कोरू मी?"

"मी मोजलंय ते कोरायचं," गुरुजी म्हणाले. "शाळेतसुद्धा मी कोणाचे गुण कधी बदलले नाहीत."

आणि माझ्या उजव्या हातावर अक्षरं उमटली : माथा, मध्यम, दोन तास.

या एका चुकीने दरीचं भाग्य उजळलं. शहरातली माणसं यायची, दोन तास वाचून धास्तावायची, पाण्याच्या बाटल्या मोजायची, बायकोला "तू खालीच थांबतेस का?" विचारायची. आणि पन्नास मिनिटांत माथ्यावर! उतरताना त्यांची छाती बघण्यासारखी असायची. एक ढेरपोटे गृहस्थ तर मला टेकून धापा टाकत फोनवर सांगत होते, "दोन तासांची चढण, मी सत्तर मिनिटांत मारली!" त्यांची बायको पन्नास मिनिटांत वर पोचून वीस मिनिटं त्यांची वाट बघत बसली होती, हे ती बिचारी बोलली नाही. माझ्याकडे बघून नुसती हसली.

एवढा पराक्रम केल्यावर माणूस उदार होतो. तो काकूच्या बागेत शिरून दोन टोपल्या नासपती घेतो, दर विचारत नाही आणि पुढच्या महिन्यात मेहुण्याला घेऊन येतो. अशी बारा वर्षं गेली. माझ्या अंगावर कोणी जाकिटं टांगली, कोणी नावं कोरली, एका कुत्र्याने तर रोज माझ्याशीच तंगडी वर केली. मी सगळं सोसलं, कारण मी उभा होतो.

मग एक दिवस कार्यालयाचे मोजणीसाहेब आले. हातात लांब दांड्याचं चाक. ढकलत नेलं की अंतर मोजतं. साहेब चाकाकडे बघत वर गेले आणि चाकाकडे बघत खाली आले. "अडीच किलोमीटर. पन्नास मिनिटं," ते गुरुजींना म्हणाले. "दोन तास कोणी लिहिलं हे? आणि हा खांबही बुडाशी कुजलाय. काढून टाका. पुढच्या आठवड्यात पत्र्याची पाटी येईल."

माझ्या अंगावर साल असती तर काटा आला असता. काढून टाका म्हणजे आडवं व्हायचं, आणि आडवं झालेल्या लाकडाची वाट कुठे जाते ते कोणत्याही खांबाला विचारायला नको. ती सरळ चुलीकडे जाते.

बातमी काकूच्या कानावर गेली. ती पदर खोचून तरातरा आली. बारा वर्षांत तिला इतकं भरभर चालताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"म्हणजे मी खोटी?" तिने साहेबांना विचारलं.

"तसं नाही हो काकू. पण तुम्ही थांबत थांबत गेलात. थांबलेला वेळ धरत नाहीत."

"का धरत नाहीत? थांबते तेव्हा मी काय घरी जाते? वाटेवरच असते ना?"

साहेब खिशातली नियमांची पुस्तिका चाळू लागले.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चला," काकू म्हणाली. "आणा तुमचं ते चाक. मी जर खोटी ठरले, तर हा खांब मी स्वतःच्या हाताने उपटून देते."

माझं मत कोणी विचारलं नाही.

सकाळी आठला दोघं निघाली. नऊ वाजले, दहा वाजले. रानातून कोणीच येईना. माझ्या बुडाशी सुतार खोरं घेऊन बसला होता आणि मी त्या खोऱ्याकडे बघत होतो. दुपार कलायला आली तेव्हा झाडांतून आधी हसण्याचा आवाज आला, मग साहेब आले. चाक खांद्यावर, चाकाच्या दांड्याला अळिंबीने भरलेली टोपली आणि शर्टाच्या पुढच्या भागावर नासपतीचा रस.

"किती झालं?" गुरुजींनी वही उघडली.

"वर पोचायला दोन तास वीस मिनिटं," साहेब म्हणाले. "आणि चाक म्हणतंय, वाट चार किलोमीटरची आहे. काल अडीचची होती."

"असं कसं?"

"काकूंनी तीनदा मागे नेलं ना. घरटं दाखवायचं राहिलं म्हणून." साहेब माझ्या सावलीत बसले, बूट काढले आणि म्हणाले, "अकरा वर्षं वाटा मोजतोय मी, गुरुजी. एकाही वाटेवर पाखरू बघितलं नव्हतं."

पत्र्याची पाटी आली नाही. साहेबांनी अहवालात काय लिहिलं कोण जाणे. सुताराने मात्र खोरं बाजूला ठेवलं, माझं कुजलेलं बूड कापून मला वीतभर बुटकं केलं, डांबर फासून पुन्हा पुरलं आणि साहेबांच्या सांगण्यावरून माझ्या हातावर आणखी एक ओळ कोरली. आता तिथे असं आहे :

माथा, मध्यम. एकट्याने : पन्नास मिनिटे. काकूंबरोबर : दोन तास.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता काकूचे गुडघे चढण घेत नाहीत. ती माथ्यावर शेवटची गेली त्याला दोन वर्षं होतील. सुताराने माझ्या पायाशी बाक करून दिलाय, तिथे ती सकाळी येऊन बसते. आम्ही दोघंही थोडे डावीकडे कललोय. खरं सांगू? ती आली नाही की मला करमत नाही.

पाहुणे अजून येतात, माझा हात वाचतात आणि हसत विचारतात, "पण या काकू भेटतात कुठे?"

"मीच ती," काकू म्हणते. "बसा. एवढी नासपती सोलून होईतो."

मग मावा निघतो, विषारी अळिंबी निघते, त्या नाराज शेजाऱ्यांची हकीकत निघते आणि घरट्याशी आलं की अजूनही तिचा आवाज आपोआप खाली येतो. पाहुणे भानावर येतात तेव्हा परतीची वेळ झालेली असते. घरी जाऊन ते सांगतात, टेकडी झाली. मी तक्रार करत नाही. माझ्या हातावर लिहिलेले दोन तास तर पुरे झालेले असतात.

तेव्हा कधी या बाजूला आलात, तर मला टेकायला हरकत नाही. फक्त जपून टेका, मी पूर्वीचा राहिलो नाही. जाकीट टांगा, फोटो काढा. आणि पन्नास मिनिटांवाले असाल तर खुशाल वर जा, माथा कुठे पळून जात नाही. पण हातात दोन तास असतील, तर बाकावर थोडी जागा आहे. लवकर या. आम्ही अजून उभे आहोत. म्हणजे मी उभा आहे, ती बसलेली आहे.