साठच्या पुढे पेट्रोल बंद

शामकांतांनी आयुष्यात एकच लबाडी केली होती, आणि ती या क्षणी त्यांच्या गुडघ्यांसमोर, डॅशबोर्डाखाली, स्टीलच्या एका डब्यात बसलेली होती. डबा बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, स्वयंपाकघरातला, पोळ्यांचा. आत सर्किट. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तेच ठरवायचं. गाडीचा मूळ कॉम्प्युटर जळाला होता आणि इतक्या जुन्या मॉडेलचा दुसरा कुठे मिळेना. म्हणून तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी आठ महिने जेवणाचं टेबल अडवून तो घरीच बनवला. मुलगा राजस तर नगरभर सांगत सुटला होता, "आमच्या बाबांनी गाडीचा मेंदू तयार केलाय."

त्या मेंदूत बाबांनी आणखी काय भरलंय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. वेग साठवर गेला की पेट्रोल बंद. चाळीसवर उतरला की पुन्हा सुरू. प्रोग्रॅममध्ये जेमतेम चार ओळी.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी राजसने मोटारसायकल एका टेम्पोवर घातली. मांडीत रॉड बसला, आणि शामकांत अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पुढे त्यांनी त्याला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, महिनाभर अबोलाही धरून पाहिला. चिरंजीव हो हो म्हणायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी ज्याला उलट उत्तर देता येत नाही अशा ठिकाणी शामकांतांनी आपलं म्हणणं लिहून टाकलं. मास्तर माणूस, लिहिल्यावर त्यांना बरं वाटलं.

उद्या राजस एकटा नेवाशाला जाऊन रुचाला माहेराहून घेऊन येणार होता. चार महिन्यांचं बाळ बरोबर. आज त्याच रस्त्यावर चाचणी, म्हणून बाप शेजारी. "सर्किट नवं आहे, पन्नासच्या आत चालव," असं बजावल्यामुळे हायवेवर निभावलं. फाट्याला हायवे सुटला, रस्ता अरुंद झाला आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आलेला. त्याच्याही पुढे तसाच आणखी एक.

"राहू दे, जाईल तो," शामकांत म्हणाले.

"कारखान्यापर्यंत याच्या मागेच जायचं का, बाबा?" राजस हसला. समोर दूरवर रस्ता रिकामा होता. त्याने हॉर्न दिला आणि गाडी बाहेर काढली.

खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टर मागे पडला. काटा पन्नासवर होता. पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे शिरायला जागा होती, पण समोर रस्ता अजून मोकळा होता, म्हणून त्याने पाय दाबला. पंचावन्न. अठ्ठावन्न.

साठ.

इंजिन गप्प झालं. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली. समोरच्या वळणावरून एसटी बाहेर आली आणि दिवे मारू लागली.

"काय झालं? बाबा, पिकअपच नाही!" राजसने गिअर उतरवला, पाय पार तळाला नेला. उपयोग शून्य. डावीकडे उसाची भिंत. मागे जावं तर एक पिकअप जीप याच्या मागोमाग ओव्हरटेकला निघालेली, बंपरला चिकटलेली. बावन्न. अठ्ठेचाळीस. चाळीस यायला अजून वेळ होता आणि एसटीला तेवढा वेळ नव्हता.

काय करायला हवं, ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. शामकांत वाकले. पट्ट्याने छाती आवळली. डब्यातून बाहेर आलेल्या तारांच्या जुडग्यात त्यांनी पिवळी तार बोटांनी शोधली. वेगाची बातमी सर्किटला तीच देते. ती निघाली की त्याला वाटणार, गाडी उभीच आहे, आणि उभ्या गाडीला कोण कशाला अडवेल! पहिल्यांदा बोटं घसरली. दुसऱ्यांदा त्यांनी तार गुंडाळून हिसका दिला.

इंजिन ओरडलं. गाडीने उडी घेतली. ट्रॅक्टरवाल्यानेही ब्रेक दाबला असावा, कारण उसाची भिंत एकदम मागे सरकली, आणि राजसने ट्रॅक्टरच्या पुढे गाडी घातली. एसटी कानाजवळून गेली. मागच्या पिकअपने कशीबशी उजवीकडची साइडपट्टी गाठली.

पुढे लिंबाखाली राजसने गाडी थांबवली. ट्रॅक्टर येऊन बाजूला उभा राहिला आणि वरून चालकाने तोंड सोडलं.

"ओ सायेब, घरी कोनी वाट बघनारं हाय का न्हाई? म्या बरेक दाबला म्हनून वाचला तुमी! शिकलेली मानसं, आन् येवढी घाई?"

"चुकलं, दादा. माझंच चुकलं," राजस म्हणाला.

शामकांतांनी मुलाच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. दवाखान्यातसुद्धा नाही. ट्रॅक्टर बडबडत निघून गेला.

"उद्या मी एसटीनेच जातो," राजस खालमानेने म्हणाला. "तुम्ही नको म्हणत असताना बाहेर काढली. बाळ असतं गाडीत तर... यापुढे नाही, बाबा. शप्पथ."

दोन वर्षं ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते आयतं पदरात पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. तार कधीही परत लावता आली असती. शामकांत खरंच गप्प बसले, चांगली दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

मग त्यांनी मूठ उघडली.

"तुझं काही चुकलं नाही. साठला पेट्रोल बंद व्हावं असं मीच करून ठेवलं होतं. ही तार ओढली म्हणून ते सुटलं."

राजसने तारेकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्याला समजायला वेळ लागला.

"आईला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"उद्या तुम्ही शेजारी नसता," राजस हळूहळू म्हणाला. "रुचा असती. मांडीवर बाळ. तिने कुठली तार ओढायची होती, बाबा?"

मला तू जिवंत हवा होतास, एवढंच सांगायचं होतं शामकांतांना. पण आत्ता, या जागी, ते बोलायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.

राजस खाली उतरला, वळसा घालून आला आणि त्याने बापाच्या बाजूचं दार उघडलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मागे बसा."

शामकांत उतरून मागे बसले. तार त्यांच्या हातातच राहिली. राजसने पट्टा लावला, आरशात एकदाही न पाहता गाडी रस्त्यावर घेतली. गिअर बदलत गेले, झाडं भराभर मागे पडू लागली. किती वेगाने चाललोय, ते मागून दिसत नव्हतं, आणि विचारण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे त्यांना कळत होतं.