दोन निघावेत म्हणून

ऑपरेशन पार पडलं होतं. शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या गर्भाशयात एक गाठ निघाली, डाव्या अंडाशयात दुसरी; दोन्ही कॅन्सरच्याच. आता एवढंच कळायचं होतं, की गर्भाशयातलाच कॅन्सर अंडाशयात पसरलाय, की दोन वेगळे कॅन्सर एकाच वेळी आपापल्या जागी उगवलेत. पसरलेला असेल तर तिसरा टप्पा. वेगळे असतील तर दोन्ही पहिल्या टप्प्यातले, बरे होण्यासारखे.

तेव्हा घर दोनाची वाट बघत होतं.

"दोनच निघणार बघ," नणंद म्हणाली. "आपल्या घरात एकावर कधी भागलंय का?"

शेजारीण भेटायला आली. "एकच असू दे गं बाई," असं तिनं मनापासून म्हटलं, तर नवरा ताडकन उठला. "वाईट बोलू नका हो!"

हॉस्पिटलच्या फॉर्मवर कॅन्सरच्या मूळ जागेचा रकाना एकच होता. दोन गाठी बघून कारकुनानं सरळ दोन फायली केल्या आणि वहिनींना दोन नंबर दिले, चौदा आणि पंधरा.

चौदा नंबर पुकारल्यावर वहिनी आत गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयातली गाठ अस्तरापुरतीच आहे. छान."

"आणि अंडाशयातली?"

"ती पुढच्या पेशंटची. नंबर पुकारल्याशिवाय फाइल उघडत नाही."

"पुढची पेशंट मीच."

"हो, पण बाहेरून यावं लागेल."

वहिनी बाहेर आल्या. नणंदेनं हात धरला. "काय झालं?"

"एक कळलं."

"एकच?" तिचा चेहरा पडला.

"अगं, अर्धंच सांगितलंय!"

पंधरा नंबर पुकारला. वहिनी पुन्हा आत.

"बसा. याआधी आला होतात?" डॉक्टरीणबाईंनी सवयीनं विचारलं.

"मघाशीच."

त्या ओशाळून हसल्या आणि फाइल वाचू लागल्या. वाचता वाचता हसू मावळलं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं, की बोट पांढरं पडलं.

"ही गाठ अंडाशयातच उगवलेली आहे. वरचं आवरण शाबूत आहे. दोन्ही गाठींमधले जनुकीय बदल अजिबात जुळत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पसरलेला नाही. दोन वेगळे, दोन्ही पहिल्या टप्प्यातले. केमो नको. नुसती नियमित तपासणी."

बाहेर आल्यावर वहिनींनी दोन बोटं वर केली.

"दोन!" नणंद किंचाळली. "दादा, दोन कॅन्सर आहेत!"

नवरा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. रांगेतली माणसं हळहळली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, एक म्हातारे गृहस्थ त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "धीर धरा हो."

"धरतो," तो रडत रडत म्हणाला. "पण आधी जरा आनंद होऊ द्या."